आठ गोळ्यांची रायफल आणि हक्कावर पाणी सोडलेला कारागीर : जॉन गॅरंड

अमेरिकेच्या ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठाला कॅम्प पेरी नावाचं मैदान आहे. मधली काही वर्षं सोडली तर १९०७ पासून तिथं उन्हाळ्यात राष्ट्रीय रायफल स्पर्धा भरतात. सैनिक येतात, पोलीस येतात, पण गर्दी असते ती हौशी नेमबाजांची. कुणी शेतकरी, कुणी मेकॅनिक, कुणी निवृत्त मास्तर. वर्षभर पैसे साठवायचे, रायफल पुसून-पासून ठेवायची आणि सुट्टी काढून इथं यायचं.

या गर्दीत एक वाद कायम रंगलेला असतो. सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची तर कुठल्या घाटाची? एका बाजूला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असलेली, चार किलोहून जड, आठ गोळ्यांची जुनी 'एम-१'. दुसऱ्या बाजूला काळी, हलकी, सुटं मॅगझिन लावायची एआर पद्धतीची. दोन्ही रायफली एकदा चाप ओढला की एक गोळी सोडतात आणि पुढची गोळी आपणहून नळीत भरतात. काम तेच, पण करण्याची तऱ्हा वेगळी. वाद काही मिटत नाही, आणि मिटावा असं तिथल्या कुणाला वाटतही नसावं.

यातली लाकडी दस्त्याची रायफल ज्यांनी घडवली, त्या जॉन गॅरंड यांच्या आयुष्यातही असाच एक निवाडा झाला होता. तेव्हा मैदानात दोन तऱ्हेच्या रायफली होत्या आणि निवडायची होती एकच. मात्र तो सुट्टीतला छंद नव्हता. लाखो सैनिकांच्या हातात काय पडणार, हे त्यावर ठरायचं होतं.

गिरणीत झाडू मारणारा पोरगा

गॅरंड मूळचे कॅनडाचे. १ जानेवारी १८८८ रोजी क्युबेक प्रांतात, माँट्रियलच्या दक्षिणेला असलेल्या सेंट रेमी गावाजवळच्या शेतावर त्यांचा जन्म झाला. घरची भाषा फ्रेंच. घरात बारा भावंडं. नाव ठेवलं होतं जाँ, त्याचं पुढे जॉन झालं. आडनावाचंही तसंच. जगभर लोक 'गरँड' म्हणतात, पण खुद्द त्यांचा उच्चार 'गॅरंड' असा, पहिल्या अक्षरावर जोर देणारा होता, असं सांगितलं जातं.

१८९९ मध्ये आई गेली. वडील पोरांना घेऊन सीमा ओलांडून अमेरिकेत आले आणि कनेक्टिकट राज्यातल्या ज्युएट सिटी या गिरणीच्या गावात राहू लागले. अकरा-बारा वर्षांचा जॉन कापडगिरणीत कामाला लागला. काम काय, तर फरशी झाडायची. इंग्रजी तो तिथंच शिकला, झाडू मारता मारता. शाळा तिथंच संपली. मात्र झाडू बाजूला ठेवून यंत्राकडे टक लावून बघत राहायची सवय लागली ती कायमची. कुठला दांडा कशाला ढकलतो, कुठली स्प्रिंग कधी सुटते, हे बघण्यात त्याचा जीव रमायचा. पुढे तो गिरणीतच यंत्रं दुरुस्त करायला शिकला.

बंदुकीशी ओळख झाली ती सैन्यात नव्हे, तर जत्रेतल्या नेमबाजीच्या दुकानात. आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायचे स्टॉल असतात, तसल्याच एका गॅलरीत त्यानं काही काळ काम केलं. नेम धरायचा नाद लागला आणि बंदूक उघडून बघायचाही. म्हणजे पुढे जी रायफल युद्धासाठी प्रसिद्ध झाली, तिचं मूळ एका पोराच्या करमणुकीत आहे.

१९०९ मध्ये गॅरंड यांना ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्राऊन अँड शार्प या नामांकित कंपनीत हत्यारं आणि मोजमापाची साधनं घडवायचं काम मिळालं. इथं केसाएवढ्या फरकालाही किंमत होती. हात इथं तयार झाला. काही वर्षांनी ते न्यूयॉर्कला आले. दिवसा कारखाना आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजी, असा क्रम होता. शहरात राहूनही त्यांनी हौस सोडली नाही.

पहिल्या महायुद्धानं उघडलेलं दार

पहिलं महायुद्ध पेटलं आणि अमेरिकेच्या सैन्याला हलक्या मशीनगनची चणचण भासू लागली. गॅरंड यांनी घरच्या घरी एक आराखडा काढला आणि सरकारकडे पाठवला. डोकं चालवून काढलेला तो आराखडा अधिकाऱ्यांच्या नजरेत भरला आणि १९१८ मध्ये त्यांना वॉशिंग्टनला मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बोलावून घेतलं गेलं. गन तयार होईपर्यंत युद्ध संपलं. पण माणूस कामाचा आहे हे सरकारला कळलं होतं. १९१९ मध्ये त्यांची नेमणूक मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात झाली. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले. त्यानंतरची ३४ वर्षं त्यांनी याच एका कारखान्यात काढली.

तेव्हा जगातल्या जवळपास सगळ्या सैन्यांकडे बोल्टची रायफल होती. एक गोळी झाडायची, मग खटका वर उचलून मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडली की पुढे ढकलायचा, आणि पुन्हा नेम धरायचा. प्रत्येक गोळीमागे हात हलतो, नजर हलते. अमेरिकेला हवी होती स्वतःच भरणारी रायफल. अटी मात्र कडक होत्या. वजन जास्त नको, चिखलात-धुळीत चालली पाहिजे, सामान्य शिपायाला उघडता-जोडता आली पाहिजे आणि कारखान्यात लाखांनी काढता आली पाहिजे. अशी रायफल जमवायला अनेक देशांतले कारागीर धडपडत होते आणि बहुतेकांचे हात टेकले होते.

गॅरंड यांनी आधी एक वेगळी वाट धरली. काडतुसाच्या बुडाला जी टोपी असते, ती बार उडताना किंचित मागे सरकते. या इवल्याशा हालचालीवर सगळं यंत्र चालवायचं, अशी ती कल्पना. जवळपास पाच-सहा वर्षं त्यांनी यावर घालवली. एकामागून एक नमुने केले. यंत्र चालतही होतं. आणि मग सैन्यानं काडतूस बदललं. दारू वेगळी आली, टोपी बुडाला पक्की दाबून बसवायची ठरलं. ती सरकायचीच बंद झाली. वर्षांची मेहनत एका हुकमानं वाया गेली.

दुसरा कुणी असता तर वैतागून घरी गेला असता. गॅरंड यांनी कागद कोरा घेतला आणि दुसऱ्या तऱ्हेनं सुरुवात केली.

समोर उभा तगडा गडी

त्याच शस्त्रागारात एक नवा माणूस आला होता. जॉन डग्लस पेडरसन. नेब्रास्का राज्यात जन्मलेले, रेमिंग्टन कंपनीसाठी नावाजलेल्या बंदुका घडवलेले, पेटंटांचा ढीग नावावर असलेले. बंदुकांच्या दुनियेत ज्यांना गुरुस्थानी मानलं जातं ते जॉन ब्राउनिंगसुद्धा पेडरसन यांची थोरवी मान्य करत. पहिल्या महायुद्धात त्यांनी बोल्टच्या रायफलीत बसवून तिला झटपट गोळ्या झाडायला लावणारं एक गुप्त उपकरण केलं होतं. त्याचे सुमारे ६५,००० नग तयार झाले, पण युद्ध संपल्यानं ते वापरायची वेळच आली नाही.

१९२० च्या दशकात सरकारनं पेडरसन यांना करारानं बोलावलं. स्वतंत्र जागा, मोठा पगार आणि रायफल मंजूर झाली तर रॉयल्टी. गॅरंड मात्र त्याच इमारतीत पगारी नोकर. एकाच छताखाली दोन जॉन, दोन रायफली. एकाच्या मागं नाव आणि करार, दुसऱ्याच्या मागं नुसतं काम. तेव्हा पैज लावायची म्हटली असती तर बहुतेकांनी पेडरसन यांच्यावर लावली असती.

दोघांच्या रायफलींची तऱ्हा अगदी वेगळी होती.

पेडरसन यांच्या रायफलीत कोपरासारखा सांधा होता. हात सरळ ताणला की कोपर घट्ट बसतं, पण जरा दुमडलं की लगेच सैल पडतं. तसा हा सांधा बार उडाल्यावर क्षणभर धरून ठेवायचा आणि मग वरच्या बाजूला उसळून उघडायचा. गोळी नळीबाहेर जाईपर्यंतचा वेळ या सांध्याच्या कोनातून मिळायचा. रचना देखणी होती. पण काडतूस थोड्या दाबाखाली असतानाच मागे सरकायला लागायचं, आणि कोरडं असेल तर ते कोठीच्या भिंतीला धरून बसायचं. त्यावर उपाय म्हणून पेडरसन यांनी प्रत्येक काडतुसावर मेणाचा पातळ थर द्यायची पद्धत काढली. मेण कडक असायचं, हाताला चिकटायचं नाही. तरी सैन्याच्या मनात शंका राहिलीच. उद्या मेण नसलेली काडतुसं आली तर? शिवाय सांधा वर उसळला की यंत्राचं तोंड उघडं पडायचं आणि धुळीला आत जायला वाट मिळायची.

गॅरंड यांची दुसरी रायफल वायूवर चालणारी होती. बार उडाला की दारूचा वायू गोळीला ढकलत नळीतून पुढे जातो. त्यातला थोडासा वायू नळीच्या तोंडाशी अडवून घ्यायचा आणि त्याच्या धक्क्यानं एक लांब दांडा मागे ढकलायचा. दांडा बोल्टला फिरवून कुलूप उघडतो, पुंगळी बाहेर फेकतो आणि मागची स्प्रिंग दाबतो. स्प्रिंग सुटली की सगळं पुढे येतं, येताना नवी गोळी कोठीत ढकलतं आणि कुलूप पुन्हा बसतं. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत बोल्ट पक्का बंद असल्यानं मेणाची, तेलाची काही गरज नाही. रचना साधी होती, भाग कमी होते. चापाखालची पट्टी ओढली की रायफल तीन मोठ्या तुकड्यांत सुटायची. रोजच्या सफाईसाठी हत्यारांची पेटी लागायची नाही.

इथं गिरणीतला आणि ब्राऊन अँड शार्पमधला कारागीर कामी आला. गॅरंड रायफल काढताना ती कापणारी यंत्रंही डोळ्यांपुढे ठेवत. एखादा भाग कागदावर कितीही सुंदर असला, तरी तो साध्या कामगाराला हजारांनी काढता येईल का, हा प्रश्न ते आधी विचारत. पुढे उत्पादन सुरू झालं तेव्हा त्यासाठी लागणारी बरीचशी यंत्रं आणि हत्यारंही त्यांनीच आखून दिली.

निवाडा

पेडरसन यांनी आपल्या रायफलीसाठी .२७६ इंचाचं, म्हणजे सुमारे ७ मिलिमीटरचं नवं काडतूस पुढे केलं होतं. सैन्याच्या नेहमीच्या .३० इंची काडतुसापेक्षा ते लहान, हलकं, कमी धक्क्याचं. अधिकाऱ्यांना ते पसंत पडू लागलं आणि गॅरंड यांनाही त्याच मापाची रायफल करायला सांगितलं गेलं. प्रतिस्पर्ध्याच्या काडतुसावर, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानात उतरायचं, अशी ती स्थिती होती. ते उतरले.

१९२९ मध्ये मेरिलँड राज्यातल्या ॲबरडीन इथं चाचण्या झाल्या. या दोघांखेरीज इतर देशी-परदेशी रायफलीही होत्या. हजारो गोळ्या झाडल्या गेल्या, धूळ टाकून पाहिली, गंज चढवून पाहिला. गॅरंड यांची रायफल सरस ठरली. त्यानंतर आणखी नमुने, आणखी चाचण्या. जानेवारी १९३२ मध्ये मंडळानं शिफारस केली : .२७६ मापाची गॅरंड रायफल घ्यावी.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी नवं काडतूस नाकारलं. कोठारांत .३० च्या काडतुसांचा प्रचंड साठा पडून होता, मशीनगनही त्याच मापाच्या होत्या, आणि महामंदीनं देशाची तिजोरी रिकामी केली होती. अशा वेळी नव्या मापाचा खर्च कुठून आणायचा? रायफल नवी करा, पण काडतूस जुनंच, असा निकाल आला.

पेडरसन यांची रायफल .२७६ साठीच बेतलेली होती. त्यांचा मार्ग तिथंच खुंटला. गॅरंड यांनी मात्र .३० मापाचं काम पूर्ण सोडलेलं नव्हतं. आधीच्या चाचणीत त्या मापाच्या एकुलत्या एका नमुन्याचा बोल्ट तडकला होता, म्हणून तो बाजूला पडला होता. तो त्यांनी पुन्हा बाहेर काढला, तडकलेला भाग नव्यानं आखला आणि काम पुढे नेलं. १९३४ मध्ये काही डझन रायफली सैन्याच्या तुकड्यांकडे वापरून बघायला गेल्या आणि तक्रारींची यादी घेऊन परत आल्या. एकेक तक्रार घेऊन ते पुन्हा बाकावर बसले. अखेर ९ जानेवारी १९३६ रोजी ही रायफल 'एम-१' या नावानं अधिकृत झाली. स्प्रिंगफील्डला पाऊल टाकल्याला तेव्हा १६ वर्षं होऊन गेली होती.

आणि त्याच महिन्यात, २० जानेवारी १९३६ रोजी, गॅरंड यांनी आपल्या शोधांचे सगळे हक्क सरकारच्या नावे करून दिले. एकेका रायफलीमागं चार आणे जरी मिळाले असते तरी पिढ्या बसून खातील एवढा पैसा त्या कागदावर होता. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. पगार सरकारचा, जागा सरकारची, यंत्रं सरकारची, मग वस्तूही सरकारचीच.

हौशी नेमबाजांचा राग

रायफल मंजूर झाली म्हणजे लोकांनी डोक्यावर घेतली असं नाही. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये कारखान्यातून दिवसाला जेमतेम १० नग निघत होते. त्यातच खोडी निघू लागल्या. नळीच्या तोंडाशी वायू अडवणारी टोपी घाण धरायची आणि सैल व्हायची. मग गॅरंड यांनी टोपी काढून टाकली आणि नळीलाच खालून बारीक छिद्र पाडून वायू घ्यायची सोय केली. आधी बनलेल्या हजारो रायफली बदलाव्या लागल्या.

दुसरी भानगड सातव्या गोळीची. आठ गोळ्यांची क्लिप भरली की सहा सुरळीत जायच्या आणि सातवी अडकायची. शोध घेतल्यावर कळलं की दोष आराखड्यात नव्हताच. कारखान्यातल्या कटाईत आतल्या एका बारीक कडेचा धातू जास्त निघत होता. कटाई सुधारली आणि सातवी गोळी चालू लागली.

पण तोवर बोभाटा झाला होता. अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांना जुनी बोल्टची स्प्रिंगफील्ड रायफल प्राणप्रिय. तिच्यावर त्यांनी बक्षिसं मिळवलेली. नवी रायफल जड, तिचा नेम तितका बारीक नाही, क्लिप अर्धी संपली की मध्येच भरता येत नाही, आणि भरताना बोल्ट सुटला तर अंगठा चेचतो, अशा त्यांच्या कुरबुरी. त्यातल्या काही खऱ्या होत्या. अंगठा चेचण्याला तर नावच पडलं, 'एम-१ चा अंगठा'. १९४० मध्ये नेमबाजांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मासिकानं रायफलीवर सडकून टीका केली.

त्याच सुमाराला बोस्टनचे वकील आणि मरीन दलाचे राखीव अधिकारी मेल्विन जॉन्सन आपली वेगळ्याच तऱ्हेची रायफल घेऊन पुढे आले. तिच्यात बाराच्या धक्क्यानं नळीच मागे सरकायची, पोटातल्या गोल मॅगझिनमध्ये १० गोळ्या मावायच्या आणि मधूनच सुट्या गोळ्या भरता यायच्या. म्हणजे नेमका तोच आक्षेप जॉन्सन यांनी सोडवला होता. वर्तमानपत्रांत दोन तट पडले. प्रकरण थेट संसदेच्या समितीपर्यंत गेलं. पण मागे-पुढे होणारी नळी टोकाला संगीन लावली की बिघडायची, आणि एम-१ चं उत्पादन आता वेग घेऊ लागलं होतं. १९४० च्या अखेरीस मरीन दलानं कॅलिफोर्नियात स्वतंत्र चाचण्या घेतल्या. चिखल आणि खारं पाणी यांत बोल्टची रायफल सगळ्यांत भरवशाची ठरली, पण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पहिला नंबर एम-१ चाच लागला.

या सगळ्या गदारोळात गॅरंड काय करत होते? कारखान्यात होते. उत्तराला उत्तर देत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बोलण्यात अखेरपर्यंत फ्रेंच वळण राहिलेला हा माणूस मुळातच अबोल होता. छंद दोनच, नेमबाजी आणि बर्फावरची घसरण. तरुणपणी एकदा हिवाळ्यात त्यांनी राहत्या खोलीत पाणी सोडून त्याचा बर्फ होऊ दिला आणि घरातच स्केटिंग केलं, असा किस्सा त्यांच्याबद्दल सांगितला जातो. लग्नही उशिरा, चाळिशी ओलांडल्यावर झालं.

युद्धाची परीक्षा

दुसऱ्या महायुद्धात वाद आपोआप थंडावला. १९४२ मध्ये ग्वाडलकनाल बेटावर मरीन सैनिक बोल्टच्या रायफली घेऊन उतरले होते. काही आठवड्यांनी सैन्याच्या तुकड्या एम-१ घेऊन आल्या, आणि मरीन सैनिक त्या रायफलींकडे आशाळभूतपणे बघू लागले. सराईत हाताला मिनिटाला ४० गोळ्या नेम धरून सोडता येत होत्या. शेवटची गोळी गेली की रिकामी क्लिप 'टिंग' असा आवाज करत बाहेर उडायची. तो आवाज त्या पिढीच्या सैनिकांच्या कानात कायमचा राहिला.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या सगळ्या पायदळाच्या हाती सेमी-ऑटोमॅटिक रायफल देणारं मोठं सैन्य अमेरिकेचंच. जर्मनी आणि रशियाकडे अशा रायफली होत्या, पण सर्वांना पुरतील इतक्या नव्हत्या. जपाननं तर युद्धाच्या शेवटी एम-१ ची नक्कल करून पाहिली.

याची तुलना बेळगावकरांना सहज समजेल. ज्यांचं केंद्र आज बेळगावात आहे, त्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या पलटणी याच काळात इटलीत लढत होत्या. त्यांच्या शिपायांच्या हातात बोल्टची ली-एनफिल्ड होती, आणि त्याच इटलीत दुसऱ्या आघाडीवरच्या अमेरिकी शिपायाच्या हातात गॅरंड यांची एम-१. जुलै १९४४ मध्ये नाईक यशवंत घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये शिपाई नामदेव जाधव यांनी इटलीच्याच भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. हत्यार जुनं म्हणून मराठा मागे राहिला नाही, हे खरं. पण प्रत्येक गोळीमागं खटका ओढावा लागणं आणि न लागणं यातला फरक किती मोठा, हे खंदकातल्या माणसालाच कळतं.

युद्ध संपेपर्यंत सुमारे ४० लाख एम-१ तयार झाल्या होत्या. कोरियाच्या युद्धात आणि त्यानंतर आणखी बनल्या. एकूण आकडा ५० लाखांच्या वर गेला. जनरल पॅटन यांनी तर या रायफलीला युद्धासाठी आजवर घडवलेल्या साधनांत सर्वांत वरचं स्थान दिलं होतं.

बक्षीस

आणि गॅरंड यांना काय मिळालं? १९४१ मध्ये एक पदक, १९४४ मध्ये आणखी एक मोठं पदक, आणि दरमहा पगार. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत असं विधेयक संसदेत मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही. १९५३ मध्ये ते निवृत्त झाले आणि स्प्रिंगफील्डलाच राहिले. १९६८ मध्ये त्यांचं शस्त्रागार सरकारनं बंद केलं. १७९४ पासून चाललेला कारखाना थंड झालेला त्यांनी त्याच गावात राहून पाहिला. १६ फेब्रुवारी १९७४ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी ते गेले.

पेडरसन यांची रायफल इंग्लंडमधल्या व्हिकर्स कंपनीनं थोडीफार बनवून पाहिली, पण तिकडेही ती मंजूर झाली नाही. १९५१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची कारागिरी कमी नव्हती. त्यांच्या रायफलीला एक खास काडतूस आणि त्यावर एक खास थर लागत होता, आणि काळ काटकसरीचा होता. हुशारी कमी पडली नाही, अटी आडव्या आल्या.

पुन्हा कॅम्प पेरी

सैन्यानं नव्या रायफली घेतल्या तशा जुन्या एम-१ सरकारी नेमबाजी योजनेतून नागरिकांकडे जाऊ लागल्या. ज्यांच्या मासिकानं एकेकाळी तिला झोडपलं, त्यांचीच पुढची पिढी ती विकत घ्यायला रांग लावू लागली. कॅम्प पेरीला आज गॅरंड यांच्या नावानं स्वतंत्र स्पर्धा होते. अंतर २०० यार्ड, रायफल सैन्यात होती तशीच, वर दुर्बीण नाही. जलद फेरीत १० गोळ्या झाडायच्या असतात. एम-१ मध्ये मावतात आठ. म्हणून आधी दोन, मग आठ अशी भरती करावी लागते. त्या धांदलीत अंगठा सांभाळणं ही एक वेगळी कला. आपल्याकडे स्वप्नील कुसाळे यांच्या ऑलिंपिक पदकामुळे घरोघरी पोहोचलेली नेमबाजी वेगळी. तिथं .२२ ची, दर वेळी एकच गोळी भरायची रायफल असते आणि खेळ संथ, एकाग्रतेचा असतो.

मोठ्या सैनिकी रायफलींच्या स्पर्धांत मात्र १९९० च्या दशकापासून एआर घाटाच्या रायफलींनी बाजी मारली. १९५० च्या दशकात युजीन स्टोनर यांनी आखलेल्या या तऱ्हेत वायू दांड्याला न ढकलता बारीक नळीवाटे थेट मागे बोल्टच्या सांगाड्यात जातो. पुढचा जड दांडा गेल्यानं रायफल हलकी झाली, काडतूस छोटं असल्यानं धक्का कमी झाला, नेम पटकन परत बसतो. बदल्यात वायूची काजळी आतल्या भागात साचते आणि सफाई जास्त करावी लागते. एम-१ मध्ये घाण पुढच्या पुढे राहते, पण वजन खांद्यावर येतं, काडतूस महाग पडतं, आणि शिकारीची फार तेज काडतुसं वापरली तर तिचा तो लांब दांडा वाकतो.

म्हणून अनुभवी नेमबाज नवख्याला विचारतात, तुला बक्षीस जिंकायचंय की रायफल ओळखून घ्यायचीय? पहिलं असेल तर काळी घे. दुसरं असेल तर लाकडी घे, तिचे तीन तुकडे टेबलावर मांड आणि प्रत्येक भाग तसाच का आहे ते बघत बस.

गिरणीत झाडू हातात धरून उभा असलेला तो पोरगा तेच करत होता. त्याच्या रायफली ५० लाखांहून जास्त बनल्या, आणि एकीच्याही किमतीतला पैसा त्याच्या खिशात गेला नाही. स्प्रिंगफील्डच्या जुन्या शस्त्रागाराचं आता संग्रहालय झालं आहे. ज्या नमुन्यांवर त्यांची वर्षं गेली, त्यांतले काही तिथं कपाटात मांडलेले आहेत.